निवडुंगाचे बी आणि हौशी संस्था

निवडुंगाचे नवे रोप संग्रहात तीन मार्गांनी येते. एखाद्या स्नेह्याकडच्या जुन्या झाडाला फुटलेले पिल्लू किंवा कापून वाळवलेला तुकडा मागून आणता येतो; रोपवाटिकेतून तयार रोप विकत घेता येते; किंवा बी पेरून रोप वाढवता येते. पहिल्या दोन मार्गांनी मिळणारी रोपे बहुधा त्याच त्या ठरावीक जातींची असतात. जी जात पिल्ले देत नाही, जिचे तुकडे मुळे धरत नाहीत आणि जी फुलावर यायला दहा वर्षे घेते, ती वाढवणे रोपवाटिकेला परवडत नाही. अशा जातींसाठी बियांचा मार्गच तेवढा उरतो. पण बी आणायचे कोठून? बियाण्यांच्या दुकानात झेंडू मिळतो, डेलिया मिळतो. फार तर ‘मिश्र निवडुंग’ असे छापलेली एखादी पुडी मिळते, आणि तिच्यात नेमके काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. या अडचणीवर उपाय शोधला तो व्यापाऱ्यांनी नव्हे, तर हौशी माणसांनी. आपल्या संस्था स्थापन करून त्यांनी बियांच्या देवघेवीची जी पद्धत बसवली, तिची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

प्रारंभीच एका शब्दाचा खुलासा केलेला बरा. मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. फड्या निवडुंग हा खरोखरच कॅक्टेसी कुलातला आहे आणि तो मूळचा अमेरिकेतला. त्रिधारी निवडुंग, काटेथोर आणि शेर ही मात्र एरंडाच्या कुलातली, यूफोर्बिया वंशाची झाडे होत. दोहोंतील भेद ओळखण्याची खूण चिकात नाही, कारण मॅमिलॅरियाच्या काही जातींनाही पांढरा चीक येतो. खरी खूण काट्यांच्या बुडाशी असलेल्या लवदार गादीत आहे. ती गादी फक्त कॅक्टेसी कुलातच आढळते. हे सबंध कुल अमेरिका खंडातले आहे. रिप्सॅलिस बॅक्सिफेरा ही झाडांवर लोंबत वाढणारी एकच जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही रानटी अवस्थेत सापडते. याखेरीज कोरफड, घायपात, आपल्या डोंगरउतारांवरची शिंदळमाकुडी, दक्षिण आफ्रिकेतले ‘जिवंत दगड’ अशा, पानांत किंवा खोडांत पाणी साठवणाऱ्या अनेक कुलांतील झाडांना मिळून मांसल वनस्पती म्हणतात. हौशी संस्थांच्या बीजसूचीत निवडुंग आणि मांसल वनस्पती अशा दोहोंचा समावेश असतो.

या संस्था बऱ्याच जुन्या आहेत. जर्मन निवडुंग संस्था १८९२ मध्ये बर्लिन येथे स्थापन झाली. कार्ल शूमान हे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे पहिले अध्यक्ष होते. अमेरिकेतील संस्था १९२९ मध्ये कॅलिफोर्नियात जन्माला आली. ब्रिटनमध्ये १९३१ साली एक आणि १९४५ साली दुसरी अशा दोन संस्था निघाल्या. त्या कित्येक वर्षे शेजारी शेजारी नांदल्या आणि १९८३ मध्ये एकत्र होऊन ब्रिटिश कॅक्टस अँड सक्युलंट सोसायटी अस्तित्वात आली. एकाच कुलाला किंवा गटाला वाहिलेली लहान मंडळेही आहेत. ‘जिवंत दगडां’च्या कुलाचा अभ्यास करणारे मेसेम्ब स्टडी ग्रुप हे १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेले मंडळ याचे चांगले उदाहरण होय. सभासदांत शिक्षक, रेल्वेतले नोकर, डॉक्टर, निवृत्त कारकून असे सर्व प्रकारचे लोक सापडतात. पदवीधर वनस्पतिशास्त्रज्ञ थोडेच, पण एखाद्या वंशाविषयी या मंडळींना असलेली माहिती पुष्कळदा विद्यापीठातल्या माणसालाही विचारायला यावे लागते इतकी बारीक असते.

संस्थांच्या आधी आणि त्यांच्या बरोबरीने बियांचा व्यापार होताच. फ्रीड्रिख रिटर या जर्मन संग्राहकाने दक्षिण अमेरिकेच्या डोंगराळ प्रदेशात वर्षानुवर्षे हिंडून जमवलेले बी त्यांची बहीण हिल्डेगार्ड विंटर या फ्रँकफुर्टहून सूची काढून विकत असत. प्रत्येक नोंदीला रिटर यांचा क्रमांक असे, आणि ते क्रमांक आजही जुन्या संग्रहांतील कुंड्यांवर दिसतात. विक्रेत्याचे बी आणि संस्थेचे बी यांत मुख्य फरक असा की, संस्थेच्या योजनेत बी देणारा आणि घेणारा हे दोघेही सभासदच असतात. आज जो घेतो, त्याने चार-पाच वर्षांनी द्यावे अशी अपेक्षा असते. ती कोठे लिहिलेली असो वा नसो, योजना चालते ती तिच्या आधारावर.

योजनेचे काम वर्षभर चालते. उन्हाळ्यात झाडे फुलतात, शरद ऋतूपर्यंत बहुतेकांची फळे पिकतात. ठरलेल्या तारखेपर्यंत सभासद आपल्याकडचे बी स्वच्छ करून, वाळवून, नाव लिहून मानद बीज-चिटणीसाकडे पाठवतात. स्वच्छ करण्याची रीत प्रत्येक गटात निराळी. मॅमिलॅरियाची फळे बारीक लाल मिरचीसारखी असतात. ती पाण्यात चुरडून, गर वाहून जाईपर्यंत धुऊन, बी टीपकागदावर सुकवावे लागते. गर तसाच राहिला तर पेरल्यावर पहिली बुरशी तेथूनच सुरू होते. यूफोर्बियाचे फळ पिकताच फुटून बी दूर उडवते, म्हणून अनुभवी माणूस फळे धरलेल्या झाडावर जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा चढवून ठेवतो. बी नेहमी कागदात ठेवायचे, प्लॅस्टिकमध्ये नव्हे. उरलेला ओलावा कागदातून निघून जातो.

पुढचे काम सर्वांत कंटाळवाणे, आणि ते दोन-चार स्वयंसेवक आपल्या जेवणाच्या टेबलावर उरकतात. आलेले बी मोजून दहा-दहा, वीस-वीस दाण्यांच्या पुड्या बांधायच्या, त्यांवर क्रमांक टाकायचे आणि सूची तयार करायची. ब्लॉसफेल्डियासारख्या काही वंशांचे बी धुळीइतके बारीक असते. ते मोजत नाहीत, चाकूच्या टोकावर मावेल तेवढे घालतात. हिवाळ्यात सूची सभासदांच्या हाती पडते. मागणी करताना हव्या असलेल्या क्रमांकांबरोबर पर्यायी क्रमांकही लिहून द्यावे लागतात, कारण दुर्मिळ जातीच्या पुड्या मोजक्याच असतात आणि पहिल्या आठवड्यातच संपतात. बऱ्याच संस्थांत बी देणाऱ्याची मागणी आधी पुरवली जाते. पुडीची किंमत नाममात्र असते. पूर्वी परदेशी सभासद टपालखर्चासाठी आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन पाठवीत. १९०६ च्या रोम येथील टपाल परिषदेत ठरलेली ही सोय अशा छोट्या देवघेवींना फार उपयोगी पडली. भारतातील हौशी माणसाला मात्र १९७३ चा परकी चलन नियमन कायदा अमलात असेपर्यंत काही पौंडांची वर्गणी परदेशी पाठवणे हेही सोपे काम नव्हते, आणि म्हणून एखाद्या परदेशस्थ नातलगाकडून वर्गणी भरून घेण्याचा मार्ग पुष्कळांनी पत्करला.

पुडीत पंधरा दाणे असतात, आणि दाण्यांकडे पाहून जात ओळखणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. त्यामुळे सारा भरवसा पुडीवरच्या नावावर ठेवावा लागतो. रोप वाढून फुलेपर्यंत तीन ते पंधरा वर्षे जातात. नाव चुकीचे होते हे तोवर कळत नाही, आणि कळते तेव्हा देणाऱ्याचा पत्ताही उरलेला नसतो. बियांच्या देवघेवीतला खरा धोका हाच आहे. न उगवलेल्या बियांमुळे एक हंगाम वाया जातो. खोट्या नावाच्या बियांमुळे संग्रहच दूषित होतो, आणि त्या संग्रहातले बी पुन्हा सूचीत जाऊन आणखी पन्नास संग्रहांत पोचते.

हे कसे घडते ते लिथॉप्स या वंशाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. लिथॉप्स म्हणजे दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया येथील कोरड्या प्रदेशात खड्यांमध्ये दडून वाढणारे ‘जिवंत दगड’. दोन जाड पाने एकमेकांना चिकटलेली, मध्ये एक चीर, आणि पृष्ठभाग भोवतालच्या खड्यांच्या रंगाचा. विल्यम बर्चेल या प्रवाशाला १८११ मध्ये प्रीस्का गावाच्या परिसरात हे झाड प्रथम दिसले ते त्याने एक विचित्र खडा समजून उचलले म्हणून. वंशाला लिथॉप्स हे नाव एन. ई. ब्राउन यांनी १९२२ मध्ये दिले. या वंशाचा सर्वांत कसोशीचा अभ्यास डेझमंड कोल यांनी केला. पेशाने ते आफ्रिकी भाषांचे प्राध्यापक होते! पत्नीसह हिंडून त्यांनी रानातील एकेका वसाहतीला एकेक क्रमांक दिला आणि १९८८ मध्ये आपले पुस्तक प्रसिद्ध केले. ‘कोल क्रमांक’ म्हणून ते आज जगभर रूढ आहेत. एका जातीच्या झाडांचा रंग एका टेकडीवर विटकरी असतो, तर पन्नास मैलांवर राखी. कोल क्रमांकामुळे रोप कोणत्या टेकडीचे, हे सांगता येते.

क्रमांकाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण बहुतेक नवशिक्यांची गफलत येथेच होते. लिथॉप्सच्या फुलाला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. एकाच वेळी फुललेली दोन निरनिराळी रोपे लागतात. आता एखाद्याकडे एका क्रमांकाचे एकच रोप आहे आणि शेजारी त्याच जातीचे पण दुसऱ्या क्रमांकाचे रोप फुलले आहे. त्याने कुंचल्याने पराग नेला, फळ धरले, बी आले. हे बी त्या जातीचे आहे यात शंका नाही. पण त्यावर कोणताही क्रमांक लिहिता येणार नाही. दोन्ही पालक एकाच क्रमांकाचे असतील तरच तो क्रमांक संततीला लावता येतो. एरवी फक्त जातीचे नाव लिहावे आणि क्रमांकाची जागा कोरी ठेवावी. कोरी जागा पाहून मागणी कमी येते हे खरे, आणि म्हणूनच ती भरण्याचा मोह होतो.

लिथॉप्स लेस्लीआय या जातीचे ‘अल्बिनिका’ नावाचे एक रूप आहे. कोल यांच्या यादीत ते ३६-अ या क्रमांकाखाली येते. जातीच्या नेहमीच्या रोपाचे अंग तपकिरी आणि फूल पिवळे असते; अल्बिनिकाचे अंग पिवळसर हिरवे आणि फूल पांढरे. दोन अल्बिनिका रोपांच्या संयोगातून अल्बिनिकाच निपजते. शेजारच्या तपकिरी रोपाचा पराग आला, तर मात्र पुढच्या पिढीत हिरवेपणा सहसा दिसत नाही. तो पराग आणायला माणूसच लागतो असे नाही. काचघराची खिडकी उघडी राहिली आणि एक मधमाशी आत शिरली की दात्याचा सगळा प्रामाणिकपणा व्यर्थ ठरतो. याकरिता काळजी घेणारे दाते फुलण्याआधीच रोपांची जोडी बाजूला काढून बारीक जाळीखाली ठेवतात, आणि पुडीबरोबर ‘हाताने परागण, जाळीखाली’ असा शेरा लिहून देतात. सूचीत असा शेरा दिसला तर ते बी आधी मागवावे.

सर्वच वंशांत इतकी दक्षता लागते असे नाही. फ्रेलिया या चिमुकल्या निवडुंगाची फुले पुष्कळदा उमलतच नाहीत. मिटलेल्या कळीतच परागण होऊन बी तयार होते, आणि त्यात संकराला वावच नसतो. उलट एकायनॉप्सिस आणि जिम्नोकॅलिशियम यांच्या जाती काचघरात इतक्या सहज मिसळतात की, उघड्यावर फुललेल्या झाडांचे बी संकरजच समजून चालावे. संकरजात वाईट काही नाही. त्याची फुले मूळ जातीहून सुंदरही असू शकतात. फक्त त्यावर जातीचे नाव लिहू नये, एवढेच.

नावांचा आणखी एक घोळ आहे, पण त्याला दाते जबाबदार नाहीत. वनस्पतिशास्त्रज्ञ वंशांच्या सीमा वारंवार बदलतात. नोटोकॅक्टस हा वंश पॅरोडियात विलीन झाला, लोबिव्हिया एकायनॉप्सिसमध्ये गेला. हौशी मंडळी जुनी नावे सोडत नाहीत. परिणामी एकाच सूचीत एकच झाड दोन ठिकाणी दोन नावांनी येते आणि अननुभवी माणूस दोन्ही पुड्या मागवतो. डेव्हिड हंट यांनी संपादित केलेला २००६ चा निवडुंगकोश जवळ असला किंवा ग्रंथालयात पाहता आला, तर हा भुर्दंड टळतो.

येथवर जे सांगितले ते संग्राहकाच्या सोयीचे. या देवघेवीला दुसरी एक बाजू आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. निवडुंगे आणि मांसल वनस्पती सावकाश वाढतात. म्हणून पुरे वाढलेले झाड हवे असणारा माणूस ते वाढवण्याऐवजी रानातून उपटून आणवतो. आपल्या थोराचाच चुलतभाऊ असलेल्या यूफोर्बिया ओबीसाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशातले हे चेंडूसारखे गोल, काटे नसलेले झाड जोसेफ हूकर यांनी १९०३ मध्ये वर्णिले. वर्णन प्रसिद्ध होताच संग्राहकांनी ते इतके उचलले की, थोड्याच वर्षांत रानात ते दुर्मिळ झाले. त्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. एक झाड उचलले की मागे उरलेल्याला जोडीदार मिळण्याची शक्यताही घटते. आज हे झाड जगभरच्या कुंड्यांत विपुल आहे, ते केवळ बियांमुळे. ज्याच्याकडे एक नर आणि एक मादी आहे तो दरवर्षी बी धरू शकतो, आणि सूचीत ते नेहमीचे झाले आहे. चार पैशांत रोप मिळू लागल्यावर ते चोरून आणण्यात अर्थ उरला नाही.

सोनेरी काट्यांचा गोल निवडुंग, ज्याला रोपवाटिकांत ‘गोल्डन बॅरल’ म्हणतात, त्याची कथाही अशीच. मेक्सिकोत मोक्तेसुमा नदीच्या खोऱ्यातील त्याच्या अधिवासाचा मोठा भाग १९९० नंतरच्या वर्षांत सिमापान धरणाच्या पाण्याखाली गेला. रानात तो संकटग्रस्त आहे, आणि बागांत मात्र बियांपासून वाढवलेला लाखोंनी आहे. बागेतली झाडे रानाची जागा घेऊ शकत नाहीत हे उघड आहे. पण रानावरचा हात ती थोडा मागे खेचतात.

जेथे बी वेळेवर उपलब्ध झाले नाही तेथे काय घडते हेही दिसून आले आहे. मेक्सिकोत सापडलेल्या ॲझ्टेकियम हिंटोनी या जातीचे वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अल्पावधीतच चोरून नेलेली रोपे व बी परदेशी बाजारात आले. इटलीत २०२० च्या फेब्रुवारीत चिलीच्या आटाकामा वाळवंटातून उपटून आणलेले एक हजाराहून अधिक कोपियापोआ व इतर निवडुंग पोलिसांनी जप्त केले. त्यांपैकी ८४४ झाडे २०२१ मध्ये चिलीला परत पाठवण्यात आली. त्यांतील काही झाडे शंभर वर्षांहून जुनी होती. दक्षिण आफ्रिकेत २०१९ पासून कोनोफायटम या बोटाच्या पेराएवढ्या झाडांची चोरी भयंकर वाढली असून तेथे जप्त झालेल्या मांसल वनस्पतींची संख्या दहा लाखांच्या वर गेली आहे. कोपियापोआ आणि कोनोफायटम या दोन्हींचे बी संस्थांच्या सूचीत नाममात्र किमतीला मिळते. म्हणजे उणीव बियांची नाही, धीराची आहे. तोही काही प्रमाणात वाचवता येतो : पेरेस्किऑप्सिस या भराभर वाढणाऱ्या निवडुंगाच्या खुंटावर कोवळे रोपटे कलम केले, तर एरवी दशकभर थांबायला लावणारी जात दोन-तीन वर्षांत फुलते आणि बी देऊ लागते. जाणते संग्राहक अशा कलमी रोपाला सौंदर्यदृष्ट्या नाक मुरडतात. बीज-चिटणीस मात्र त्याचे आभार मानतो.

म्हणून चांगल्या संस्था दात्याला एक प्रश्न अवश्य विचारतात : मातृवृक्ष तुमच्याकडे कोठून आला? चोरून आणलेल्या झाडाचे बी सूचीत घेतले तर चोरीला सभ्यपणाचा शिक्का मिळतो. या प्रश्नाचे उत्तर तपासणे अवघड आहे आणि त्यावरून संस्थांच्या बैठकांत वाद होतात. काहींचे म्हणणे असे की, झाड एकदा बाहेर आलेच आहे तर त्याचे बी सर्वांना वाटून रानातल्या उरलेल्या झाडांची मागणी तरी कमी करावी. या युक्तिवादात तथ्य आहे. पण त्याची किंमत अशी की, पुढच्या चोराला आपला माल दोन-चार वर्षांत प्रतिष्ठित होणार हे आधीच कळते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीचा करार १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे झाला आणि १९७५ मध्ये अमलात आला. भारत त्यात १९७६ मध्ये सामील झाला, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याच्या तरतुदी वन्यजीव संरक्षण कायद्यात आल्या. मोजके अपवाद सोडता सर्व कॅक्टेसी कुल या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. या परिशिष्टातील झाडांना परवाना लागतो, पण त्यांच्या बियांना लागत नाही. मेक्सिकोतून निर्यात होणारे निवडुंगाचे बी तेवढे याला अपवाद आहे. पहिल्या परिशिष्टातील आरिओकार्पस, डिस्कोकॅक्टस, टर्बिनिकार्पस, यूबेलमानिया इत्यादींच्या बियांना मात्र परवाना हवाच. सूचीत अशा क्रमांकांपुढे खूण केलेली असते आणि ते परदेशी पाठवले जात नाहीत.

याहून निराळा, आणि हौशी माणसाला अधिक जाचणारा नियम म्हणजे रोगप्रतिबंधाचा. बियांबरोबर कीड आणि रोग येऊ नयेत म्हणून बहुतेक देश निर्यात करणाऱ्या देशाचा वनस्पती-आरोग्य दाखला मागतात. युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०१९ पासून बाहेरून येणाऱ्या पेरणीच्या जवळजवळ सर्व बियांना तो लागू केला, आणि ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर तेथील संस्थांच्या जर्मन किंवा डच सभासदांनाही त्याची झळ लागली. दहा पुड्यांच्या किमतीहून दाखल्याचे शुल्क जास्त! भारतात २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश लागू आहे. त्याप्रमाणे पेरणीचे बी आणवण्यास आगाऊ आयात-परवाना आणि बियांबरोबर आरोग्य-दाखला आवश्यक असतो. टपालाने आलेल्या पाकिटालाही हा नियम चुकत नाही. पत्रात लपवून आलेली पुडी पुष्कळदा पोचते हे खरे असले, तरी तो मार्ग सांगण्यासारखा नाही. कोचिनीलच्या किड्यांसाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस भारतात आणलेल्या फड्या निवडुंगांनी पुढे दक्षिणेतली किती जमीन व्यापली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अशा नियमांचा राग येऊ नये.

या कारणांनी भारतातील हौशी माणसाला देशातल्या देशात होणाऱ्या देवघेवीचे महत्त्व अधिक आहे. झाडे येथे आधीच पुष्कळ आहेत. हरियाणात पंचकुला येथे १९८७ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय निवडुंग उद्यान, भुवनेश्वरच्या प्रादेशिक वनस्पती संसाधन केंद्रातील संग्रह, कालिंपाँगच्या जुन्या रोपवाटिका अशा ठिकाणी अनेक जाती दरवर्षी फुलतात. उणीव आहे ती फुललेल्या झाडांवर जाळी घालून, कुंचला फिरवून, फळ धरून, नाव लिहून ते बी दुसऱ्याला देणाऱ्यांची. एखाद्या शहरात असे दहा जण एकत्र आले तरी लहानशी सूची तयार होते. तिला छापखान्याचीही गरज नाही.

मिळालेले बी फार दिवस ठेवू नये. ॲस्ट्रोफायटम आणि फ्रेलिया यांचे बी लवकर निर्जीव होते. लिथॉप्सचे कोरड्या जागी कित्येक वर्षे टिकते. आपल्या पठारी प्रदेशात निवडुंगाचे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरावे, म्हणजे पावसाळ्याच्या दमट हवेआधी रोपटी थोडी जून होतात. लिथॉप्स व कोनोफायटम पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर. चाळलेली बारीक खडी, वाळू आणि थोडे पानांचे खत यांवर उकळते पाणी ओतून ते निवू द्यावे, बी वर भुरभुरावे आणि कुंडीवर काच ठेवावी. ॲस्ट्रोफायटम दोन-तीन दिवसांत उगवते, लिथॉप्स आठवड्याभरात. ओपन्शियाचे टणक बी मात्र महिनोन्‌महिने स्तब्ध पडून राहू शकते. कुंडी फेकून देण्याची घाई करू नये. पुडीतल्या पंधरांपैकी पाच रोपे वर्षअखेर जगली तर नवशिक्याने समाधान मानावे. कुंडीत नाव लिहिलेली पट्टी पहिल्या दिवशीच खोचावी, आणि तीवर जाती, क्रमांक, दात्याची संस्था व वर्ष शिसपेन्सिलीने लिहावे. शाई उन्हाने उडते, शिसे उडत नाही.

लिथॉप्सचे रोप साधारणपणे तिसऱ्या वर्षी फुलते. फूल दुपारी उमलते. एकाच क्रमांकाची दोन रोपे त्या दिवशी उमललेली असली तर मऊ कुंचल्याने पराग एकावरून दुसऱ्यावर आणि पुन्हा परत न्यावा. धरलेले बोंड लगेच तोडू नये. त्याला पिकायला आठ-नऊ महिने लागतात आणि तोवर ते सुकून लाकडासारखे होते. रानात हे बोंड पावसाचा थेंब पडल्यावरच उघडते, म्हणून वाळलेले बोंड बशीभर पाण्यात ठेवले की काही मिनिटांत त्याच्या पाकळ्या ताऱ्यासारख्या पसरतात आणि आतले पिवळसर बी दिसू लागते. ते पाण्याने हलकेच धुऊन टीपकागदावर घ्यावे, दोन दिवस सावलीत सुकवावे, कागदाच्या पुडीत घालावे. आणि पुडीवर दोन्ही पालकांचा क्रमांक एक असल्यास तो, नसल्यास केवळ जातीचे नाव लिहून बीज-चिटणीसाकडे पाठवावे.